सोलापुरात बागेतल्या पक्क्या ट्रॅकवर चालायला सुरुवात करताना

आमच्या अप्पांनी तीस वर्षं यंत्रमागावर उभ्यानं काढली. त्यामुळे साखर वाढल्यावर डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं, तेव्हा चालण्यात शिकण्यासारखं काही असेल असं त्यांना वाटलंच नाही. पहिल्याच दिवशी रबरी चपला घालून ते विजापूर रोडलगतच्या एका बागेत गेले आणि काँक्रीटच्या ट्रॅकवर सलग पाऊण तास चालून आले. तिसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवला आणि टाचेत अशी कळ आली की भिंत धरून उभे राहिले. पुढचे तीन आठवडे चालणं बंद.

पाय कमजोर नव्हते. पण मागावर दिवसभर उभं राहायला लागणारी ताकद वेगळी, आणि सिमेंटवर एकाच लयीत साडेचार हजार पावलं टाकायची सवय वेगळी. शेताच्या बांधावर चालताना प्रत्येक पाऊल थोडं वेगळं पडतं, माती थोडी दबते. पक्क्या ट्रॅकवर तसं होत नाही. तोच स्नायू, टाचेचा तोच भाग, तेच गुडघे पुन्हा पुन्हा तोच धक्का घेतात. पृष्ठभाग सपाट असल्यामुळे आपण जास्त वेगानं आणि जास्त वेळ चालतो, आणि काय झालं ते दोन दिवसांनी कळतं. अप्पांची टाच बरी झाल्यावर मीही त्यांच्याबरोबर निघायला लागले. त्यातून जे कळत गेलं ते क्रमानं सांगते.

पहिलं काम: न चालता बाग बघून या

सोलापुरात चालायच्या जागा कमी नाहीत. सिद्धेश्वर तलाव आणि भुईकोट किल्ल्याचा परिसर आहे, होम मैदान आहे, विजापूर रोडकडे धर्मवीर संभाजी तलाव, स्मृती उद्यान आणि सिद्धेश्वर वनविहार आहे. शिवाय जुळे सोलापूर, होटगी रोड, शेळगी या भागांतल्या वसाहतींमधून लहान लहान बागा आहेत. नवीन माणसाला मी यातली सगळ्यात सुंदर नव्हे, सगळ्यात जवळची बाग निवडायला सांगेन. घरापासून दहा मिनिटांत पायी पोचता येईल आणि मोठा रस्ता ओलांडावा लागणार नाही अशी. गाडी काढून लांबच्या तलावावर जायचा उत्साह पंधरा दिवस टिकतो. घराजवळच्या साध्या बागेत माणूस वर्षभर जातो.

विजापूर रोड, होटगी रोड किंवा पुणे रोड ओलांडावाच लागत असेल तर पहाटेच्या अंधारात गडद कपडे घालू नका. रस्ता रिकामा असला की ट्रक जोरात येतात. फूटपाथ नसेल तिथे रस्त्याच्या उजव्या कडेनं चाला, म्हणजे समोरून येणारं वाहन दिसतं. पाठीमागून काय येतंय याच्या भरवशावर राहावं लागत नाही.

बाग बघायला संध्याकाळी जा. ट्रॅकवरचे दिवे लागतात का, सगळे लागतात की एक सोडून एक, हे तेव्हाच कळतं. बाकं किती अंतरावर आहेत ते बघा. साठीपुढच्या माणसाला पहिल्या महिन्यात दर दोनशे-तीनशे पावलांवर बसायला जागा असली तर धीर येतो. मोटारसायकली आत येऊ नयेत म्हणून काही बागांच्या दारात लोखंडी आडोसा वळणावळणानं लावलेला असतो. त्यातून व्हीलचेअर किंवा बाळाची ढकलगाडी जाते का, हे घरातल्या माणसाला सोबत नेणार असाल तर आधीच तपासून घ्या. आणि संध्याकाळी तिथे मुलं सायकली किती चालवतात, हेही बघा.

पायाखाली काय आहे

सोलापूरच्या बागांमध्ये साधारण चार प्रकारचे ट्रॅक भेटतात: पेव्हर ब्लॉक, काँक्रीट, डांबर आणि कडेनं असलेली माती-मुरमाची पट्टी.

काँक्रीट सगळ्यात कडक. ते टिकाऊ आहे, पाऊस पडून गेला की लवकर कोरडं होतं, पण दबत अजिबात नाही. डांबर त्या मानानं जरा बरं, पण उन्हाळ्यात ते तापतं आणि सूर्य मावळल्यावरही बराच वेळ गरम राहतं. हाताची मागची बाजू जमिनीला पाच-सात सेकंद टेकवून बघा. टेकवून ठेवता येत नसेल तर लहान मुलांना तिथे अनवाणी सोडू नका आणि कुत्र्यालाही फिरवू नका. त्याच्या पंजांना बूट नसतात.

सगळ्यात जास्त लक्ष पेव्हर ब्लॉककडे द्यावं लागतं. हे ठोकळे वाळूच्या थरावर नुसते बसवलेले असतात. पाणी मुरून किंवा झाडाच्या मुळांनी ती वाळू सरकली की एखादा ठोकळा खचतो आणि शेजारच्याची कड बोटभर वर राहते. चालताना आपला पाय जमिनीपासून फार वर उचलला जात नाही. म्हातारपणी तर अगदी थोडा. म्हणून बोटभर उंचीची कड खड्ड्यापेक्षा धोकादायक. खड्डा दिसतो, कड दिसत नाही. पहिल्या दिवशी पूर्ण फेरी हळूहळू मारा आणि अशा जागा लक्षात ठेवा: वडाजवळचं वळण, नळाशेजारचा उतार, तिसऱ्या बाकासमोरचा हलणारा ठोकळा. पावसाळ्यात हलणारा ठोकळा ओळखायला सोपा. पाय पडला की खालचं पाणी फसकन पोटरीवर येतं.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. पाणी निघून जावं म्हणून ट्रॅकला एका बाजूला किंचित उतार दिलेला असतो. तुम्ही रोज त्याच दिशेनं, त्याच कडेनं चाललात तर एक पाय सतत खालच्या बाजूला पडतो. महिन्याभरानं एकाच गुडघ्याला किंवा एकाच बाजूच्या खुब्याला दुखणं लागतं, आणि कारण सापडत नाही. दोन्ही दिशांनी लोक चालत असतील तर एक दिवसाआड दिशा बदला. सगळे एकाच दिशेनं फिरत असतील तर उलटं चालून गोंधळ करू नका. कड सोडून ट्रॅकच्या सपाट भागात या.

कडेला मुरमाची पट्टी असेल तर तिचा उपयोग करा. अप्पा आता दोन फेऱ्या ट्रॅकवर आणि एक मातीवर अशा पद्धतीनं चालतात. टाचेला सगळ्यात जास्त आराम याच बदलानं पडला, असं ते स्वतः सांगतात.

बूट

महाग घ्यायची गरज नाही. संध्याकाळी खरेदीला जा, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. उभं राहून सगळ्यात लांब बोटाच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा राहिली पाहिजे. बूट हातात घेऊन वाकवा. बोटांच्या सांध्याशी वाकला तर ठीक, मधोमध दुमडला तर परत ठेवा. मोजे सुती आणि न दाटणारे. चपलेत टाच बांधलेली नसते, म्हणून चप्पल सुटू नये यासाठी पायाची बोटं सतत आवळली जातात. कडक जमिनीवर याचा ताण तळव्याला भोगावा लागतो. साडी नेसणाऱ्या मावश्या आणि काकू बूट घालायला संकोचतात, हे मी रोज बघते. आमच्या बागेतल्या एका काकूंनी नऊवारीखाली बूट घातले तेव्हा दोन दिवस बायका वळून बघत होत्या. आता तशा सहाजणी आहेत.

फेरी मोजून घ्या

मोबाइल किंवा घड्याळ असेल तर ते सांगेलच, पण हे टेपनंही होतं. घराच्या गच्चीवर नेहमीच्या चालीनं वीस पावलं टाका आणि अंतर मोजा. समजा १३ मीटर भरलं, तर तुमचं एक पाऊल ६५ सेंटिमीटरचं. आता बागेची एक फेरी किती पावलांची ते मोजा. ६२० आली तर फेरी साधारण ४०० मीटरची, म्हणजे पाच फेऱ्यांत दोन किलोमीटर.

दहा हजार पावलांच्या आकड्यानं मात्र घाबरून जाऊ नका. हा आकडा वैद्यकातून आलेला नाही. १९६० च्या दशकात जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलांचं मापक’ असा होता. तिथून तो जगभर गेला. जागतिक आरोग्य संघटना पावलांत बोलत नाही, मिनिटांत बोलते: प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोराची हालचाल करावी. मध्यम जोर म्हणजे चालता चालता बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही. मोजायचंच असेल तर पंधरा सेकंदांत पंचवीसच्या आसपास पावलं पडली पाहिजेत. वयस्कर माणसाचा श्वास त्याआधीच वाढत असेल, तर त्याच्यासाठी तोच वेग योग्य.

पहिले सहा आठवडे

सोलापूरकराला ही गोष्ट वेगळी समजवायची गरज पडू नये. संक्रांतीला सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वजाची उंच, जड काठी पेलणारे तरुण तैलाभिषेकाच्या दिवशी थेट ध्वज उचलून ६८ लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात का? आधी कितीतरी दिवस त्यांचा रोज सराव चाललेला असतो. मनगट, कंबर, पाय, सगळं त्या वजनाला हळूहळू सरावतं. आपलं स्वतःचं वजन कडक जमिनीवर वाहून न्यायलाही तसाच सराव लागतो.

पहिला आठवडा रोज पंधरा मिनिटं. त्यातली पहिली पाच अगदी संथ, घरात फिरतो तशी. पंधरा मिनिटांत काहीच झाल्यासारखं वाटणार नाही आणि आणखी दोन फेऱ्या मारायचा मोह होईल. तो आवरणं हेच पहिल्या आठवड्याचं काम. दुसऱ्या आठवड्यात वीस मिनिटं, तिसऱ्यात पंचवीस, चौथ्यात तीस. आठवड्याला पाच दिवस तीस मिनिटं झाली की १५० चा हिशोब पुरा होतो. पाचव्या आणि सहाव्या आठवड्यात वेळ वाढवू नका. त्याच तीस मिनिटांत तीन-तीन मिनिटांचे तीन तुकडे झपाझप चाला आणि मध्ये नेहमीच्या चालीवर या. वेळ आणि वेग एकाच आठवड्यात वाढवायचे नाहीत.

चालताना नजर तीन-चार मीटर पुढे ठेवा. पायाकडे बघत चाललं की मान आणि पाठ आखडते, आणि समोरच्याला धक्काही लागतो. पाऊल लांब टाकून वेग वाढवू नका, पावलं पटपट टाका. लांब पावलात टाच पुढे जोरात आपटते. परत आल्यावर भिंतीला हात टेकून एक पाय मागे न्यायचा, टाच जमिनीवर ठेवायची आणि पोटरी ताणायची. प्रत्येक पाय अर्धा मिनिट, दोन-तीन वेळा. अप्पांची टाच सुधारण्यात याचा मोठा वाटा आहे.

दुखण्याचे दोन प्रकार ओळखायला शिका. दोन्ही पोटऱ्या सारख्या जड वाटणं आणि ते दोन दिवसांत ओसरणं, हे चालतं. एकाच जागी, बोट ठेवून दाखवता येईल असं दुखणं, किंवा सकाळच्या पहिल्या पावलाला येणारी टाचेतली कळ दिसली की तीन-चार दिवस विश्रांती घ्या आणि परतताना एक आठवडा मागच्या टप्प्यावर जा. छातीत दाब, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारं दुखणं, अचानक घाम, श्वास न पुरणं यांपैकी काही झालं तर फेरी पूर्ण करायची नाही. तिथेच बसा, जवळच्या माणसाला हाक मारा, १०८ ला फोन करा.

ट्रॅक सगळ्यांचा आहे

हा भाग मला सगळ्यात जवळचा वाटतो. याच चार-पाच फुटांच्या पट्टीवर पळणारा मुलगा, काठी टेकत चालणारे आजोबा, तीनचाकी सायकलवरचं पोर, ढकलगाडीतलं बाळ, कुत्र्याला घेऊन आलेली बाई आणि गप्पा मारणारा सहाजणांचा गट, सगळे एकाच वेळी असतात. कुणाच्याही मनात वाईट नसतं. तरी टक्कर होते.

रस्त्यावर वाहनं डावीकडून जातात तसंच ट्रॅकवर आपणही डावीकडून चालावं आणि पुढे जायचं तर उजवीकडून जावं. शेजारी शेजारी फार तर दोघांनी चालावं. गट मोठा असेल तर दोन-दोनच्या ओळी करा. मागून येणाऱ्यानं जवळ येण्याआधी आवाज द्यावा. ‘काका, उजवीकडून येतोय’ एवढं पाच-सहा पावलं आधी म्हटलं की पुरतं. अगदी पाठीशी येऊन ओरडलं तर म्हातारं माणूस दचकून नेमकं त्याच बाजूला वळतं. जबाबदारी नेहमी वेगानं येणाऱ्याची. हळू चालणारा अडथळा नाही, ट्रॅकवर त्याचा हक्क पहिला. सायकलवाल्यानं घंटी लांबून वाजवावी आणि म्हातारी माणसं किंवा लहान मुलं दिसली की वेग चालण्याइतका करावा.

फोन आला, बुटाची नाडी सुटली, ओळखीचं कुणी भेटलं, तर आधी ट्रॅक सोडून कडेला व्हा, मग थांबा. सोलापुरात ओळखीचं माणूस भेटलं की दोन मिनिटांत बोलणं संपत नाही, मराठीत सुरू झालेलं कन्नड किंवा तेलुगूत जाऊन परत मराठीत येतं. ते बोलणं व्हायलाच हवं, त्यासाठीच निम्मी माणसं बागेत येतात. फक्त ते गवताच्या बाजूला उभं राहून व्हावं. कानात इअरफोन असेल तर एकाच कानात, आवाज कमी. कुत्र्याचा पट्टा ट्रॅकवर आखूड धरा. लांब पट्टा सायकलच्या चाकासमोर दोरीसारखा ताणला जातो. आणि मावा किंवा तंबाखू खाऊन ट्रॅकवर थुंकू नये, हे सांगायला मला अजिबात संकोच वाटत नाही. मुलं तिथेच पडतात, हात टेकून उठतात, तोच हात तोंडात घालतात.

ऊन, पाऊस, थंडी

मार्च ते जूनच्या सुरुवातीपर्यंत आपलं शहर चाळिशीच्या वर तापतं. मेअखेर सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो, म्हणून साडेपाचला निघून सातच्या आत घरी. संध्याकाळचं चालणं उन्हाळ्यात मला पसंत नाही, कारण दिवसभर तापलेले ठोकळे आणि भिंती उष्णता सोडत असतात. जायचंच तर जेवणानंतर, हवा जरा हलायला लागल्यावर. निघण्याआधी पेलाभर पाणी, आल्यावर ताक किंवा ज्वारीची आंबील. डोकं दुखायला लागलं, मळमळलं किंवा चक्कर आली तर सावलीत बसा, मानेवर ओला रुमाल ठेवा. त्या दिवशी चालणं संपलं.

जून-जुलैत लिंबाच्या झाडाखाली निंबोळ्यांचा सडा पडतो. त्या गोल, टणक बियांवरून बूट सरळ घसरतो. जांभळाखालीही तेच. पावसानंतर सावलीतल्या पेव्हर ब्लॉकवर शेवाळ धरतं. ते हिरवं असेल तेव्हा दिसतं, पण आधी नुसतं काळपट असतं आणि तेव्हाच फसवतं. अशा जागी पाऊल लहान, पूर्ण तळवा टेकवून. सप्टेंबरात आपल्याकडे जोराचा पाऊस असतो. त्या महिन्यात मी झाडीतल्या ट्रॅकपेक्षा उघड्या आकाशाखालचा निवडते, तो लवकर वाळतो.

थंडीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, त्यामुळे निघायची वेळ पुढे सरकवा. पालापाचोळा जाळत असतील तर धुराच्या विरुद्ध बाजूला फेऱ्या मारा किंवा सरळ परत या. जानेवारीत होम मैदानावर गड्डा, म्हणजे सिद्धरामेश्वरांची जत्रा, भरतो. रोज तिथे चालणाऱ्यांनी त्या दिवसांसाठी दुसरी जागा आधीच बघून ठेवावी.

साखर असलेल्यांसाठी

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर उपाशीपोटी चालायचं की नाही हे डॉक्टरांना विचारा. खिशात साखरेची पुडी ठेवा, साधारण तीन चमचे. हात थरथरणं, गार घाम, एकदम भूक, गोंधळल्यासारखं वाटणं ही साखर घसरल्याची खूण. साखर खा, पंधरा मिनिटं बसा, मग घरी या. परतल्यावर दोन्ही तळवे उजेडात नीट बघा. तळव्याची जाणीव कमी झालेली असेल तर फोड आलेला कळतही नाही. काही बागांत गोट्यांची ॲक्युप्रेशर वाट असते आणि लोक तिथे अनवाणी चालायला आग्रह करतात. साखरवाल्यांनी तो आग्रह मानू नये. रात्री जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं फिरणंही साखरेला उपयोगी, आणि त्यासाठी सोसायटीचं आवार पुरतं.

भटकी कुत्री अंगावर आली तर पळू नका. उभे राहा, डोळ्यांत बघू नका, हळूहळू मागे सरका. चावलं किंवा नख लागून रक्त आलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा, हळद किंवा चुना लावू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा.

खचलेला ठोकळा दिसला तर

नुसतं ‘बागेत ट्रॅक खराब आहे’ असं कळवून काही होत नाही. फोटो काढा, त्यात बाक, दिव्याचा खांब किंवा फाटक असं काहीतरी ओळखता येणारं येऊ द्या. बागेचं नाव, फाटकापासूनचं अंतर आणि तारीख लिहून महापालिकेच्या आपल्या विभागीय कार्यालयात अर्ज द्या, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. रोज चालणाऱ्या दहा-बाराजणांच्या सह्या असतील तर आणखी बरं. दुरुस्ती होईपर्यंत त्या जागेवर वीट किंवा दगड ठेवू नका, अंधारात त्याच्यावरच कुणी पडेल. खडूनं ठळक गोल करा आणि पाऊस पडून पुसला की पुन्हा करा.

आमच्या बागेत तिसऱ्या बाकासमोरचा तो ठोकळा अजून हलतो. अर्ज दिला आहे, पोच घरी आहे, आणि खडू अप्पांच्या खिशात असतो, साखरेच्या पुडीशेजारी.